आरोपी कॉफी, गुन्हेगार सिगारेट

सिगारेट म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे काळवंडलेली फुफ्फुसं येतात. फार तर हृदयविकार आठवतो. पण आपल्या पोटात, जठराच्या मागे, एक अवयव निमूटपणे पडलेला असतो. त्याचं नाव स्वादुपिंड. सिगारेटचा झुरका काही थेट तिथवर जात नाही. तरीही सिगारेट या अवयवाला आजारी पाडते. हे कळायला वैद्यकशास्त्राला बराच उशीर लागला. तो का लागला आणि मधल्या काळात कुणाकुणावर आळ आला, त्याची ही हकिगत.

स्वादुपिंड हा मुळातच अबोल अवयव. लांबी वीतभरापेक्षा कमी, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. प्राचीन ग्रीकांनी त्याला जे नाव दिलं, त्याचा अर्थ होतो ‘सगळं मांसच’. म्हणजे ना हाड, ना कूर्चा. नुसता मांसाचा गोळा! १६४२ साली इटलीतल्या पादुआ इथे योहान वीरसुंग या शरीरशास्त्रज्ञाने फाशी दिलेल्या एका माणसाचं शवविच्छेदन करताना या गोळ्यातून जाणारी एक नळी पाहिली. तिचं चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरून त्याने त्याच्या प्रती युरोपातल्या जाणकारांकडे पाठवल्या आणि विचारलं, ही नळी कशाची? उत्तर हाती येण्याआधीच, १६४३ साली, त्याचा गोळी घालून खून झाला.

उत्तर पुढे हळूहळू मिळत गेलं. या नळीतून पाचकरस आतड्यात जातो. स्निग्ध पदार्थ पचवण्यात या रसाचा मोठा वाटा असतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सच्या क्लोद बेर्नारने दाखवलं. १८६९ साली बर्लिनच्या पॉल लांगरहान्स या तरुणाला सूक्ष्मदर्शकाखाली याच अवयवात पेशींची बेटं दिसली. त्या बेटांतून स्रवणारं इन्शुलिन १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी वेगळं केलं. अन्नाचं पचन आणि रक्तातली साखर, दोन्ही खाती या एका मुक्या अवयवाकडे आहेत, हे तेव्हा पुरतं उमगलं.

नेमक्या याच काळात सिगारेट जगभर पसरत होती. पूर्वी सिगारेट हाताने वळत. १८८० च्या सुमारास अमेरिकेत जेम्स बॉन्सॅकने सिगारेट वळणारं यंत्र तयार केलं. एक यंत्र दिवसाला लाखाहून अधिक सिगारेटी वळू लागलं. पहिल्या महायुद्धात तर सैनिकांना शिध्याबरोबर सिगारेट मिळू लागली. तंबाखूचे दुष्परिणाम दिसायला मात्र वीस-तीस वर्षं जावी लागतात. म्हणून या व्यसनाचा हिशेब १९५० नंतर समोर येऊ लागला.

१९५० साली इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. १९६४ साली अमेरिकी सरकारच्या वैद्यकीय प्रमुखांचा गाजलेला अहवाल आला, त्याचाही भर फुफ्फुसावरच होता. दोनच वर्षांनी, १९६६ मध्ये, क्युलर हॅमंड यांनी दहा लाख अमेरिकी स्त्री-पुरुषांच्या पाहणीचे आकडे मांडले. त्यात सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांमध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यूही जास्त दिसत होते. पण फुफ्फुसाच्या गदारोळात स्वादुपिंडाकडे लक्ष देणार कोण? शिवाय या कर्करोगाचं दुखणं सुरुवातीला जाणवतच नाही. कावीळ किंवा पाठीत कळ येईपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो.

मग १९८१ साल उजाडलं आणि एका वेगळ्याच आरोपीचं नाव पुढे आलं. ते म्हणजे कॉफी! हार्वर्ड विद्यापीठाच्या ब्रायन मॅकमॅहन यांनी स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या ३६९ रुग्णांची तुलना इतर आजारांच्या ६४४ रुग्णांशी केली. सिगारेटशी संबंध त्यांना क्षीण वाटला, कॉफीशी मात्र ठळक. लेख एका नामवंत नियतकालिकात छापून आला आणि अमेरिकेत कॉफीचे पेले हातातल्या हातात थबकले.

चूक कुठे होती? ज्या ६४४ जणांशी तुलना केली, त्यांतले पुष्कळ जण पोटाच्याच डॉक्टरांचे रुग्ण होते. पोटाच्या तक्रारीमुळे अशा माणसांनी कॉफी आधीच कमी केलेली असते. त्यामुळे कर्करोगाचे रुग्ण उगीचच जास्त कॉफी पिणारे वाटले. तराजूचं एक पारडंच हलकं असेल, तर दुसरं जड दिसणारच! १९८६ साली त्याच संशोधकांनी नव्या रुग्णांची पाहणी केली. कॉफीवरचा पहिला आरोप टिकला नाही आणि तसं त्यांनी प्रांजळपणे जाहीर केलं. योगायोग असा, की त्याच १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूच्या धुरामुळे होणाऱ्या कर्करोगांच्या यादीत स्वादुपिंडाचं नाव घातलं. कॉफी निर्दोष सुटली, सिगारेटवर गुन्हा शाबीत झाला.

पण धूर तिथे पोहोचतो कसा? झुरक्यातली रसायनं फुफ्फुसातून रक्तात जातात आणि रक्त सगळीकडे फिरतं. १९८८ साली निकोटीनपासून तयार होणारं एक घातक रसायन उंदरांना पिण्याच्या पाण्यातून देण्यात आलं. धुराचा लवलेश नसताना त्यांच्या स्वादुपिंडात गाठी झाल्या.

आता दुसऱ्या आजाराकडे वळू. स्वादुपिंडाला वारंवार सूज येते, असह्य पोटदुखी होते, पुढे अन्न पचेनासं होतं आणि मधुमेहही जडतो. या जुनाट विकाराचं खापर पाश्चात्त्य देशांत वर्षानुवर्षं दारूवरच फोडलं गेलं. दारू निर्दोष नाहीच. पण एक कोडं सुटत नव्हतं. भरपूर पिणाऱ्यांपैकी मोजक्याच लोकांना हा विकार का होतो? एक अडचण अशी, की फार पिणारे बहुधा फार ओढणारेही असतात. त्यामुळे बाटलीच्या आड सिगारेट लपून राहिली. दोघींचा हिशेब वेगळा करणाऱ्या अभ्यासांनी ती उघडी पडली. २००९ साली कोपनहेगनमधल्या सुमारे अठरा हजार लोकांच्या दीर्घकालीन पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दारूचा परिणाम वजा केल्यावरही सिगारेटीचं प्रमाण वाढेल तसा स्वादुपिंडदाहाचा धोका वाढत होता. त्या गटातल्या निम्म्याच्या जवळपास रुग्णांचा संबंध धूम्रपानाशी जोडता येत होता.

काही घराण्यांत हा विकार आनुवंशिक असतो. २००१ मध्ये अशा रुग्णांच्या एका अभ्यासात दिसलं, की त्यांच्यातल्या सिगारेट ओढणाऱ्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग न ओढणाऱ्यांपेक्षा सुमारे वीस वर्षं आधी गाठतो. जन्माने मिळालेलं दान बदलता येत नाही, पण त्यात भर घालायची की नाही, हे आपल्या हातात असतं.

या सगळ्या इतिहासातून घ्यायचं काय? सिगारेट ओढणाऱ्याला स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका न ओढणाऱ्याच्या साधारण दुप्पट असतो. हा कर्करोग तसा विरळा, पण झाला तर फार निर्दय. अमेरिकेतल्या अलीकडच्या आकडेवारीतही निदानानंतर पाच वर्षं जगणारे शंभरात तेराच्या आसपास आहेत. उलट बाजू दिलासा देणारी आहे. सिगारेट सोडली, की धोका उतरू लागतो आणि दहा-वीस वर्षांत न ओढणाऱ्याच्या जवळपास येतो. विडीतही तंबाखूच असतो, तेव्हा ‘मी सिगारेट नाही, विडी ओढतो’ ही पळवाट कामाची नाही.

पोटदुखीने बेजार झालेल्या माणसाला घरचे पहिला प्रश्न विचारतात, ‘पितोस का?’ त्याने नाही म्हटलं, की सगळे निश्चिंत होतात. यापुढे आणखी एक प्रश्न विचारायला हवा, ‘ओढतोस का?’ वीरसुंगच्या त्या तांब्याच्या पत्र्यानंतर तीनशेहून अधिक वर्षांनी आपण हा प्रश्न विचारायला शिकलो. आता तो विसरू नये, एवढंच.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)