वाघिणीचे दूध आणि शिरवळचा बाजार

इंग्रजी भाषेला विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी वाघिणीचे दूध म्हटले. उपमा मोठी झोकदार आहे, आणि पुण्याच्या वाड्यांतून ती शोभलीही. पण आमच्यासारख्यांना पहिला प्रश्न पडतो तो असा की, दूध पिण्याचे नंतर पाहू. आधी वाघिणीला धरून कोण बसणार? महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या, शिपायाच्या आणि कामगाराच्या पोरांनी ही वाघीण कशी धरली, तिचे पंजे किती खाल्ले आणि तरी चरवी कशी सोडली नाही, याचा इतिहास हसवणारा आहे आणि विचार करायला लावणाराही आहे. त्यातले एक पान आपल्या शिरवळच्याच बाजारात उघडते.

शिरवळ हे पुणे-सातारा वाटेवरचे, नीरेच्या अंगाचे जुने गाव. खंडाळा तालुक्यातले नायगाव इथून जवळच. तिथे ३ जानेवारी १८३१ रोजी खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी सावित्रीबाई जन्मल्या. त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगतात. लहानपणी त्या शिरवळच्या बाजाराला गेल्या असता एका मिशनऱ्याने त्यांच्या हाती पुस्तक ठेवले. पोरीला अक्षरओळख नव्हती. घरी वडिलांना ते पुस्तक काही रुचले नाही. पण पोरीने ते जपले; १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, लग्न होऊन सासरी जाताना तिने ते बरोबर नेले. कोणी ही गोष्ट एका तपशिलाने सांगेल, कोणी दुसऱ्या. पण सासरी जाणाऱ्या पोरीच्या बोचक्यात वाचता न येणारे पुस्तक, एवढी गोष्ट सगळे सांगतात.

मला हे चित्र फार मोलाचे वाटते. आपण समजतो की आधी अक्षर, मग वाचन आणि मग पुस्तकाची आवड. शाळेचा क्रम तसाच आहे. गरिबाच्या घरी मात्र तो उलटा लागतो. आधी पुस्तकाची ओढ, मग धडपडत अक्षर, आणि घरच्यांची परवानगी सर्वांत शेवटी.

जोतिरावांचे तरी दुसरे काय झाले? गोविंदरावांनी मुलाला शाळेत घातले, आणि शिकून पोरगा बिघडेल या कोणाच्या तरी सल्ल्यावरून काढूनही घेतले. जोतिराव मळ्यात राबू लागले. पुढे शेजारचे गफार बेग मुनशी आणि लिजिट साहेब या दोघांनी बापाची समजूत घातली, तेव्हा १८४१ साली मुलगा पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत जाऊन बसला. १८४७ मध्ये त्याचे इंग्रजी शिक्षण संपले, आणि त्याच सुमारास टॉमस पेनचे मानवी हक्कांवरचे पुस्तक त्याच्या हाती पडले. दुसऱ्याच वर्षी, १८४८ साली, पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली. सल्ला देणाऱ्याचे भाकीत असे शंभर टक्के खरे ठरले. पोरगा शिकला आणि पुरता बिघडला! नुसता स्वतः बिघडला नाही, त्याने बायकोलाही शिकवून मास्तरीण केले.

त्या मास्तरणीने १८५४ मध्ये ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह काढला. त्यात इंग्रजी शिका असे शूद्रातिशूद्रांना कळकळीने सांगणाऱ्या कविता आहेत. पण कविता आहेत मराठीत, हे विसरू नका. जोतिरावांनीही असाच हिशेब ठेवला. १८७३ च्या ‘गुलामगिरी’चा मजकूर मराठी, कारण तो आपल्या माणसांना समजायचा होता, प्रस्तावना आणि अमेरिकेतल्या लोकांना केलेली अर्पणपत्रिका इंग्रजी, कारण ती दूरवर पोचायची होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे शेतकऱ्याच्या मुलांच्या शिक्षणाची कैफियत मांडली ती इंग्रजीत, कारण आयोगाचे कान इंग्रजी होते. आपल्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलावे आणि हुकूम सोडणाऱ्याशी त्याच्या भाषेत भांडावे, हे धोरण मला आजही पटते. इंग्रजीवाचून माणूस अडाणी ठरतो असे नव्हे. कोणीतरी तिच्या आडोशाने त्याला अडाणी ठेवू शकतो, एवढेच.

याच रस्त्याने पुढे सातारला चला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव इंग्रजी पहिलीत घातले गेले. वडील रामजी सुभेदार पलटणीतले पेन्शनर. मुलाला पुस्तकांचा नाद लागला आणि पेन्शन काही त्या मानाने वाढेना. पुढे मुंबईत मुलाने पुस्तक मागितले की सुभेदार आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जात, पैसे मागत. पैसे नसले तर दागिना मागून घेत, तो गहाण टाकून पुस्तक आणीत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. पेन्शनीच्या तारखेवर दागिना गळ्यातून पेटीत आणि पेटीतून गळ्यात, अशी ही ये-जा! आपल्या गल्लीत कोणी सोने गहाण टाकून पुस्तक आणले तर आपण त्याला वेड्यात काढू. पण त्या गहाणाचे व्याज पुढे देशाला राज्यघटनेच्या रूपाने मिळाले.

आता माझ्या धंद्याकडे येतो. मी कामगारांच्या संघटनेचे काम करतो. आमच्या चळवळीचे आद्य पुरुष नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक आणि जोतिरावांचे सहकारी. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. रेल्वेत आणि टपालखात्यात कारकुनी करून ते मुंबईच्या एका गिरणीत भांडारपाल झाले. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि ५,५०० कामगारांच्या नावाने मागण्यांचा अर्ज तयार केला. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार, जखमी कामगाराला भरपाई. कारकुनाचे कागदी ज्ञान हजारो कष्टकऱ्यांच्या कामी आले. १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी पदरात पडली. रविवारी दुपारी जेवून आपण लवंडतो, तेव्हा लोखंड्यांची आठवण काढायला हरकत नाही.

माझे स्वतःचे इंग्रजी रद्दीच्या दुकानात सुरू झाले. वजनावर एक शब्दकोश मिळाला. त्याची ‘एस’पासून पुढची पाने गळालेली. ‘ओबीडियन्स’ आणि ‘पेशन्स’ हे शब्द जागच्या जागी शाबूत. ‘स्ट्राइक’, ‘युनियन’ आणि ‘वेजेस’ मात्र बेपत्ता! मालकांच्या संघाने खास छापून घ्यावी अशी ती प्रत होती. मग मुकी अक्षरे भेटली. ‘नाइफ’ शब्दाच्या दारात ‘के’ उभा असतो, पण तोंडातून शब्द काढत नाही. हजेरीपटावर नाव आहे, कामाचा पत्ता नाही. आमच्या एका साथीला हे समजावले तेव्हा तो म्हणाला, “अण्णा, हा आमच्या खात्याचा सुपरवायझर दिसतोय.” व्याकरणाचा याहून सोपा धडा मला कोणत्या पुस्तकात सापडलेला नाही.

पण हसण्याच्या पलीकडेही काही आहे. आज शिरवळ-खंडाळ्याच्या माळावर कारखाने उभे आहेत. गावोगावची पोरे तिथे राबतात, आणि त्यांच्या हाती पडणारे कागद बहुधा इंग्रजीत असतात. कारणे दाखवा नोटिशीला, म्हणजे ‘शो कॉज’ला, आमच्यातले जुने लोक ‘शोककाज’ म्हणत, आणि ती हाती पडली की घरात खरोखरच सुतक येई. एका कारखान्यातल्या कामगाराला ‘डोमेस्टिक इन्क्वायरी’साठी हजर राहण्याचे पत्र आले. कोणीतरी शब्दाचा अर्थ सांगितला, घरगुती चौकशी. हा गडी नेमल्या दिवशी आई, बायको आणि रेशनकार्ड घेऊन फाटकावर उभा! सगळे हसले, तोही हसला. आत गेल्यावर त्याच्यापुढे एक इंग्रजी कागद सरकवला गेला. “हजेरीची सही कर,” असे त्याला सांगण्यात आले. सोबतच्या कामगाराने तो कागद अक्षर अक्षर जुळवत वाचला. आरोप मान्य आहे, अशी एक ओळ त्यात होती. सही थांबली आणि नोकरी वाचली. त्या सोबत्याचे शिक्षण नववीपर्यंत होते आणि त्याचे उच्चार ऐकून कोणत्याही इंग्रजी शाळेत हशा पिकला असता.

१९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने मालकावर एक बंधन घातले होते. कामाचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत फाटकाजवळच्या फलकावर लावायचे. कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होते की न समजणारा नियम हा नियम नसून सापळा असतो. तो कायदा आता नव्या कामगार संहितेत विरघळला आहे. पण त्यामागचा विचार काही जुना झालेला नाही.

म्हणून या सभेत ज्यांना इंग्रजी येते त्यांच्याकडे माझे एक मागणे आहे. आठवड्यातला एक तास द्या. संघटनेच्या खोलीत, वाचनालयाच्या ओट्यावर, कुठेही बसा आणि येईल त्याचा कागद त्याला मराठीत वाचून दाखवा. बँकेचा असेल, विम्याचा असेल, कारखान्याचा असेल. आणि ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनी तो समजल्याखेरीज सही करू नये; चारचौघांत अडखळत वाचायची लाजही बाळगू नये. लोक हसतील, हसू द्यावे. आपण पुढची ओळ वाचावी.