शिष्यवृत्तीतील ‘वृत्ती’

ज्याला परवडत नाही त्याच्या महाविद्यालयीन शिक्षणाचे शुल्क सरकारने भरावे काय, हा प्रश्न निघाला की चर्चा बहुधा तिजोरीपाशी सुरू होते आणि तिजोरीपाशीच संपते. आम्ही साहित्याचे अध्यापक; अर्थसंकल्प वाचणे हा आमचा व्यवसाय नव्हे. परंतु महाराष्ट्रात या प्रश्नाने वेळोवेळी कोणते शब्द धारण केले, हे पाहिले तरी बरेच काही उलगडते असे आम्हांस वाटते.

मुळात विद्येसाठी खजिन्यातून पैसा खर्च होणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. पेशवाईत श्रावणमासी पुण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी त्या निधीचा काही भाग १८२१ साली विश्रामबागवाड्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला. १८४९ साली लोकहितवादी प्रभृतींनी दक्षिणेतील काही रक्कम मराठी ग्रंथांच्या बक्षिसांना द्यावी असा अर्ज केला, तेव्हा पुण्यात मोठी खळबळ उडाली. वाद पैसा द्यावा की नाही याचा नव्हता. तो कोणाला द्यावा, याचा होता.

हाच प्रश्न जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे ठेवला. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि त्याचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या शिक्षणाला होतो, हे त्यांचे म्हणणे सर्वपरिचित आहे. त्याच निवेदनातील दोन मुद्दे मात्र अभ्यासक्रमात क्वचितच येतात. पहिला असा की, प्राथमिक शिक्षणाचा एवढा आग्रह धरूनही उच्च शिक्षणाची सरकारी मदत काढून घ्यावी असे फुले म्हणत नाहीत; उलट तसे कोणाही देशहितचिंतकाला वाटणार नाही, असे ते सांगतात. दुसरा मुद्दा शिष्यवृत्त्यांचा. स्पर्धेने शिष्यवृत्ती देण्याची पद्धत तत्त्वतः न्याय्य दिसत असली, तरी ज्यांच्या घरात शिक्षण आधीच पोचले आहे त्यांच्याच पदरात ती पडते. म्हणून काही शिष्यवृत्त्या शिक्षण न पोचलेल्या वर्गांसाठी असाव्यात, असे ते सुचवतात. गुणवत्ता आणि गरज यांचा आज ऐकू येणारा सारा वाद या एका सूचनेत सामावलेला आहे.

आता ‘शिष्यवृत्ती’ या शब्दाकडे पाहू. वृत्ती म्हणजे उपजीविकेचे साधन. शिष्यवृत्ती म्हणजे शुल्कमाफी नव्हे. शिष्याने शिकत असताना जगावे कसे, याची तरतूद. या अर्थाने पाहता सर्वांत बोलके उदाहरण डॉ. आंबेडकरांचे. चरित्रकार कृष्णराव अर्जुन केळुसकर यांच्या शिफारशीवरून सयाजीराव गायकवाडांनी त्यांना एल्फिन्स्टन कॉलेजात असताना दरमहा २५ रुपये दिले आणि १९१३ साली बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात धाडले. त्या बदल्यात संस्थानाची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार होता. पुढे शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्यात नोकरी होती, पण अस्पृश्य म्हणून राहायला घर मिळेना. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले ते सिडनहॅम कॉलेजातील पगाराची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या आधारावर. एवढ्या असामान्य बुद्धीच्या माणसाचे शिक्षणही वृत्ती थांबताच थांबले, हे आपण विसरता कामा नये.

राजर्षी शाहूंनी ही गोष्ट नेमकी ओळखली होती. १९०१ पासून कोल्हापुरात त्यांनी निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली. गावाकडच्या मुलाला शुल्क माफ झाले तरी तो शहरात राहणार कोठे, जेवणार काय, हा त्यांचा प्रश्न होता. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी त्याच प्रश्नाला ‘कमवा आणि शिका’ हे उत्तर दिले.

स्वातंत्र्योत्तर काळात शब्द बदलला. यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत वार्षिक १२०० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांना शुल्काची ‘सवलत’ मिळाली. ‘ई.बी.सी.’ ही तीन अक्षरे खेड्यापाड्यांतील घराघरांत पोचली आणि एक अख्खी पिढी पदवीधर झाली. पुढे १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. शिक्षणाचा विस्तार झाला हे खरे. परंतु शुल्काचे आकडे असे वाढले की जुन्या सवलतीचा अर्थच पालटला. मग आला नवा शब्द : ‘प्रतिपूर्ती’. २०२४-२५ या वर्षापासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य शासन पूर्णपणे देते. निर्णय स्वागतार्हच आहे. तथापि शब्दाची दिशा पाहावी. वृत्ती विद्यार्थ्याला मिळते. प्रतिपूर्ती शुल्काची होते.

आमच्या एम.ए.च्या वर्गात एक मुलगी होती. शुल्क तिला भरावे लागत नव्हते. तरी दुसऱ्या सत्रात ती दिसेनाशी झाली. चौकशी केली तेव्हा कळले की खोलीचे भाडे आणि खानावळ यांचा मेळ बसेना, म्हणून ती गावी परतली. कार्यालयातील नोंदीनुसार तिचे शिक्षण ‘मोफत’ होते.

सरसकट सर्वांचे शिक्षण फुकट करा, असे आमचे म्हणणे नाही. तसे केल्यास रयतेच्या पैशावर सुस्थित शिकतील आणि फुल्यांचा आक्षेप पुन्हा खरा ठरेल. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी मात्र सरकारने खर्च केलाच पाहिजे, कारण ती भिक्षा नसून त्याच्याच आईबापांनी भरलेल्या कराची परतफेड आहे. आणि तो खर्च शुल्काच्या पावतीपाशी थांबू नये. शिष्यवृत्ती हा शब्द आपण जपला आहे. त्यातील ‘वृत्ती’ मात्र वाटेत कोठेतरी गळून पडली. ती पुन्हा शोधणे हे केवळ शासनाचे काम नाही. वर्गातील रिकाम्या बाकाची दखल घेणे तरी आपल्या हाती आहेच.