पदपथावरच्या स्त्रिया आणि १९८५ चा निवाडा

१/ १३ जुलै १९८१. मुंबईत ऐन पावसाळा. मुख्यमंत्री अंतुले यांनी घोषणा केली : पदपथांवर राहणाऱ्यांना हटवून मूळ गावी धाडण्यात येईल. या घोषणेतून घटनेच्या एका अनुच्छेदाचा अर्थ कसा विस्तारला, आणि उरलेले काम पदपथावरच्याच स्त्रियांनी कसे उचलले, त्याचा हा धागा.

२/ पत्रकार ऑल्गा टेलिस आणि काही पदपथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. युक्तिवाद साधा होता : गावी काम नाही म्हणून माणूस शहरात येतो. कामाजवळचा निवारा गेला की काम जाते आणि कामापाठोपाठ जगणेही.

३/ १० जुलै १९८५. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पाच सदस्यीय घटनापीठाने हे मान्य केले. अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो, असे ठरले. हा निवाडा आपण बहुधा इथवरच वाचतो.

४/ पण पुढे वाचा. अतिक्रमण विनासूचना हटवण्याचा अधिकार देणारे मुंबई महापालिका अधिनियम, १८८८ चे कलम ३१४ वैध ठरले. झोपड्या ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत पाडू नयेत, एवढीच सवलत मिळाली. पर्यायी जागा मिळणार होती ती १९७६ च्या गणनेचे ओळखपत्र असणाऱ्यांना. तत्त्व जिंकले, छप्पर मात्र हरले.

५/ म्हणजे ज्याची नोंद नाही, त्याचा दावाही नाही. भायखळ्यात काम करणाऱ्या ‘स्पार्क’ (स्थापना १९८४) या संस्थेने नेमके हेच हेरले. १९८५ मध्ये पदपथवासीयांना सोबत घेऊन सुमारे ६,००० कुटुंबांची गणना झाली. अहवालाचे नावच होते ‘वी, द इनव्हिजिबल’, म्हणजे ‘आम्ही अदृश्य’.

६/ झोपडी पाडली की भांडीकुंडी वाचवणे, पाणी आणणे आणि पुन्हा चूल मांडणे हे सारे स्त्रियांच्याच वाट्याला येई. त्यांतूनच १९८६ मध्ये ‘महिला मिलन’ उभे राहिले. रोजच्या मजुरीतून चार पैसे बाजूला टाकायचे, हिशेब आपणच ठेवायचा, आणि उद्याचे घर कसे असावे हेही आपणच ठरवायचे, ही त्यांची रीत होती.

७/ पुढे त्यांतील काही कुटुंबे मानखुर्दच्या मिलन नगरात स्वतःच्या घरात गेली. न्यायालयाने हक्काची व्याख्या केली. त्या हक्काला पत्ता मिळवून दिला तो या बायकांनी. इतिहासात नाव नोंदले जाण्यासाठी कधीकधी आधी स्वतःलाच मोजावे लागते.