गंध आणि गंधक : खनिज तेलाच्या शुद्धीकरणातील एक भेद

गंधक ह्या शब्दातच गंध आहे. वस्तुतः शुद्ध गंधकास वास जवळजवळ नसतो. वास येतो तो गंधक जळताना किंवा त्याच्या काही संयुगांना. शब्द आणि वस्तू ह्यांमधील ही फारकत खनिज तेलाच्या शुद्धीकरणाच्या इतिहासातही आढळते. दीर्घकाळ कारखानदारांनी तेलातील गंध घालविला आणि गंधक गेले असे मानले. ही दोन कामे निराळी आहेत, हे व्यवहारात उतरण्यास विसावे शतक बरेचसे उलटावे लागले.

प्रश्न प्रथम तीव्र झाला तो अमेरिकेत. १८८५ मध्ये ओहायो राज्यातील लायमा येथे तेल लागले. पण त्याची दुर्गंधी अशी की दिव्यात ते कोणी जाळीना. हर्मन फ्राश ह्या जर्मन वंशाच्या रसायनज्ञाने ऊर्ध्वपातनात तांब्याचे ऑक्साइड वापरून त्या तेलातील गंधक तांब्याशी बांधले व उरलेले तांब्याचे सल्फाइड भाजून ऑक्साइड पुन्हा मिळविले. ह्या रीतीत गंधक खरोखर तेलाबाहेर पडत असे. तरीही ग्राहकाची कसोटी नाकाचीच होती, आणि पुढील कित्येक रीती त्या कसोटीपुरत्याच घडल्या.

‘डॉक्टर’ नावाने ओळखली जाणारी प्रक्रिया हे ह्याचे उत्तम उदाहरण होय. उग्र वासाची जी संयुगे तेलात असतात, त्यांना झाइझे ह्या डॅनिश रसायनज्ञाने १८३०च्या दशकात ‘मर्कॅप्टन’ हे नाव दिले. पाऱ्यास पकडणारे असा त्या लॅटिन नावाचा अर्थ. शिशाच्या क्षारयुक्त द्रावणात तेल घुसळले की दोन मर्कॅप्टन जोडले जाऊन डायसल्फाइड बनते व वास मरतो. हे ऑक्सिडीकरणच, पण डायसल्फाइड तेलातच राहते. किंबहुना प्रक्रिया पुरी होण्यासाठी चिमूटभर गंधक वरून घालावे लागे. १९५८च्या सुमारास आलेल्या ‘मेरॉक्स’ रीतीने शिशाऐवजी हवा व कोबाल्टयुक्त उत्प्रेरक आणले, परंतु केरोसीनसारख्या जड इंधनाच्या बाबतीत फलित तेच राहिले. व्यापारी परिभाषेत अशा तेलास ‘गोड’ म्हणतात. घरातल्या गोडेतेलाशी परिचित असलेल्या मराठी वाचकास ही संज्ञा चमत्कारिक वाटेल. घासलेट व रॉकेल हे शब्द पचविणाऱ्या आपल्या भाषेने हा अर्थ मात्र स्वीकारला नाही.

अधिशोषणाचा, म्हणजे घन पदार्थाच्या पृष्ठभागाने द्रवातील घटक धरून ठेवण्याचा, मार्गही ह्याच काळातला. मुलतानी मातीच्या थरातून कच्चे तेल झिरपू दिले असता त्याचे घटक वेगळे होतात, असे डेव्हिड डे ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखविले. तेलाचा रंग उजळण्यासाठी ती माती पुढे सर्रास वापरली गेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र चित्र पालटले. नॅफ्थ्यापासून उच्च प्रतीचे पेट्रोल बनविताना हायड्रोजन स्वस्तात हाती येऊ लागला, आणि ३०० ते ४०० अंश सेल्सियस तपमानात, मोठ्या दाबाखाली, कोबाल्ट-मॉलिब्डेनम उत्प्रेरकावर गंधकाचे हायड्रोजन सल्फाइड करण्याची रीत रूढ झाली. त्या वायूपासून क्लाउस प्रक्रियेने पिवळे गंधक परत मिळते.

महाराष्ट्राचा संबंध येथे येतो. ट्रॉम्बेस स्टॅनव्हॅकचा कारखाना १९५४ मध्ये व बर्मा-शेलचा १९५५ मध्ये सुरू झाला. १९७०च्या दशकात दोन्ही राष्ट्राच्या मालकीचे झाले. मुंबई हाय येथील तेलात गंधक अल्प असले तरी आखाती तेलात ते विपुल असते. ट्रॉम्बेचे इंधन पुढे नळाने नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळच्या पानेवाडीस पोहोचू लागले. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत भारतातील डिझेलमध्ये वजनाने एक टक्क्यापर्यंत गंधक चाले; म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये सुमारे ८३ किलो. डॉ. रघुनाथ माशेलकर ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल २००२ मध्ये आला व त्याच्या आधारे २००३ चे वाहन-इंधन धोरण ठरले. त्यानुसार २०१० मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर ह्यांसह तेरा शहरांत मर्यादा दशलक्षांश ५० झाली. नाशिक त्या तेरांत नव्हते. येथे ३५० चालत असे. नाशिकच्या इंदिरानगरालगत मुंबई-आग्रा महामार्ग जातो. तेथील बोगद्यापाशी उभ्या राहणाऱ्या मालमोटारींतून मुंबईच्या सातपट गंधकाचे डिझेल जळू शकत होते, आणि तेथील रहिवाशांच्या नाकास तो फरक निश्चितपणे ओळखता येण्यासारखा नव्हता. ५० ची मर्यादा साऱ्या देशास १ एप्रिल २०१७ रोजी लागू झाली, आणि १० ची १ एप्रिल २०२० रोजी. आता त्याच टँकरात ८३ ग्रॅम.

शेवटच्या ह्या काही ग्रॅमांशी झगडताना ऑक्सिडीकरण व अधिशोषण पुन्हा अभ्यासाचे विषय झाले आहेत. डायबेंझोथायोफीनच्या वर्गातील काही संयुगांत गंधकाच्या दोन्ही बाजूंस मेथिल गट असतात. त्यांच्या आडोशामुळे गंधक उत्प्रेरकाच्या पृष्ठभागापर्यंत सहज पोहोचत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड व एखादे कार्बनी आम्ल ह्यांस मात्र ही संयुगे बरीच वश होतात, तीही साध्या दाबाखाली आणि शंभर अंशांहून कमी तपमानात. त्यांचे सल्फोन बनते. सल्फोन अधिक ध्रुवीय असल्यामुळे सिलिका किंवा ॲल्युमिना त्यास धरून ठेवते आणि इंधन पुढे वाहते. जुन्या ‘डॉक्टर’ने ऑक्सिडीकरण करून गंधक तेलातच ठेवले, येथे तेच ऑक्सिडीकरण गंधकास बाहेर काढण्याची खूण ठरते.

ही रीत हायड्रोजनाची जागा घेईल असे म्हणणे घाईचे होईल. पेरॉक्साइड महाग आहे. अधिशोषक लवकर भरून जातो. तो धुवावा किंवा भाजावा लागतो, आणि भाजल्यास गंधक पुन्हा वायुरूपाने सुटते. शिवाय सल्फोनबरोबर इंधनाचा काही अंशही जातो. क्लाउस प्रक्रियेत हाती येणाऱ्या पिवळ्या गंधकास गिऱ्हाईक आहे. सल्फोनच्या गाळास अद्याप तसे मिळालेले नाही.