बावीस कसोट्या आणि एक दशक : मोर्ने डु प्लेसी यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द

क्रीडापटूच्या कारकिर्दीचे मोजमाप सामान्यतः आकड्यांनी केले जाते. सामने किती, विजय किती, नेतृत्व किती वेळा केले, एवढे नमूद झाले म्हणजे चरित्रकाराचे काम संपले असे मानण्याची प्रथा आहे. तथापि काही कारकिर्दी अशा असतात की, ज्या वर्षांपुढे कोणताच आकडा नाही ती वर्षेही इतिहासाच्या अभ्यासकाला तितकीच महत्त्वाची वाटतात. दक्षिण आफ्रिकेचे रग्बी फॉरवर्ड मोर्ने डु प्लेसी यांची कारकीर्द या प्रकारात मोडते. १९७१ ते १९८० या काळात ते बावीस कसोटी सामने खेळले. त्यांपैकी पंधरा सामन्यांत ते कर्णधार होते आणि त्या पंधरांपैकी तेरा सामने त्यांच्या संघाने जिंकले. हे आकडे गौरवास्पद आहेत, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु ते कोणत्या परिस्थितीत घडले, हे पाहिल्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही.

रग्बीच्या संघात पंधरा खेळाडू असतात. त्यांपैकी आठ फॉरवर्ड हे चेंडू मिळविण्याचे कष्टाचे काम करतात. दोन्ही संघांचे फॉरवर्ड खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना रेटतात, त्या रचनेस स्क्रम म्हणतात. या रचनेच्या अगदी मागील टोकास जो खेळाडू असतो त्याला ‘क्रमांक आठ’ या नावाने ओळखले जाते. हे स्थान ताकद, उंची आणि प्रसंगावधान या तिन्ही गुणांची अपेक्षा करते. डु प्लेसी हे उंचेपुरे, लाइनआउटमध्ये उपयुक्त आणि खेळाचा रोख ओळखणारे असे क्रमांक आठचे खेळाडू होते.

खेळाचा वारसा त्यांना घरातूनच मिळाला होता. त्यांचे वडील फेलिक्स डु प्लेसी यांनी १९४९ साली न्यूझीलंडविरुद्धच्या पहिल्या तीन कसोट्यांत दक्षिण आफ्रिकेचे नेतृत्व केले व ते तिन्ही सामने जिंकले. आई पॅट यांनी दक्षिण आफ्रिकेच्या महिला हॉकी संघाचे नेतृत्व केले होते. मोर्ने यांचा जन्म २१ ऑक्टोबर १९४९ रोजी, म्हणजे वडिलांची ती मालिका संपल्यावर सुमारे महिनाभराने झाला. त्या मालिकेचा आणखी एक विशेष येथे नोंदविणे अवश्य आहे. दक्षिण आफ्रिकेतील वर्णनिर्बंध लक्षात घेऊन न्यूझीलंडने आपल्या संघात एकाही माओरी खेळाडूला घेतले नव्हते. १९४८ साली नॅशनल पक्ष सत्तेवर येऊन वर्णविभेदाचे धोरण अधिकृत झाले होते. पुढे १९५० साली लोकसंख्या नोंदणीचा आणि वस्तीविभागणीचा असे दोन कायदे आले. जन्मलेल्या प्रत्येक मुलाची वर्णवार नोंद होऊ लागली आणि कोणी कोठे राहावे हे त्या नोंदीवरून ठरू लागले. त्यामुळे कोणी कोणत्या मैदानावर खेळावे हेही आपोआपच ठरून गेले. स्प्रिंगबॉक हे हरणाचे चिन्ह धारण करणारा राष्ट्रीय संघ केवळ गोऱ्यांचा होता.

ब्लूमफाँटेन येथील ग्रे कॉलेज आणि त्यानंतर स्टेलेनबॉश विद्यापीठ येथे शिक्षण घेऊन मोर्ने वेस्टर्न प्रॉव्हिन्सच्या संघात आले. १९७१ साली ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यासाठी त्यांची निवड झाली व १७ जुलै रोजी सिडनी येथे ते आपली पहिली कसोटी खेळले. हा दौरा क्रीडेच्या इतिहासात वेगळ्याच कारणाने स्मरणात राहिला आहे. वर्णविभेदाच्या निषेधार्थ ठिकठिकाणी निदर्शने झाली. सामने काटेरी तारांच्या आणि पोलिसांच्या वेढ्यात खेळविले गेले. कामगार संघटनांनी पाहुण्यांच्या वाहतुकीस नकार दिला. क्वीन्सलंडच्या सरकारने तर आणीबाणी पुकारली. ऑस्ट्रेलियाच्या सात रग्बीपटूंनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळण्याचे स्वतःहून नाकारले. दक्षिण आफ्रिकेने दौऱ्यातील सर्वच्या सर्व तेरा सामने जिंकले, तिन्ही कसोट्याही जिंकल्या. परंतु त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट संघाला दिलेले निमंत्रण मागे घेतले. मैदानावर अपराजित राहिलेला संघ मैदानाबाहेर एकाकी पडत चालला होता, ही विसंगती डु प्लेसी यांच्या पहिल्याच दौऱ्यात स्पष्ट दिसते.

यानंतर तीन वर्षे त्यांच्या नावावर एकही कसोटी नाही. यात त्यांच्या गुणवत्तेचा प्रश्न फारसा नव्हता. १९७२ साली दक्षिण आफ्रिकेच्या वाट्याला इंग्लंडविरुद्धची एकच कसोटी आली व तीत त्यांचा समावेश नव्हता. १९७३ साली नियोजित असलेला न्यूझीलंडचा दौरा तेथील पंतप्रधान नॉर्मन कर्क यांच्या सरकारने होऊ दिला नाही, आणि त्या संपूर्ण वर्षात दक्षिण आफ्रिका एकही कसोटी खेळली नाही. बाविसाव्या वर्षापासून चोविसाव्या वर्षापर्यंतचा, खेळाडूच्या ऐन उमेदीचा काळ असा निघून गेला.

१९७४ साली विली जॉन मॅकब्राइड यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश बेटांचा ‘लायन्स’ हा संयुक्त संघ आला. त्याने चारपैकी तीन कसोट्या जिंकल्या, चौथी बरोबरीत सुटली आणि बावीस सामन्यांच्या संपूर्ण दौऱ्यात त्यास एकही पराभव पत्करावा लागला नाही. डु प्लेसी पहिल्या दोन कसोट्यांत खेळले आणि प्रिटोरिया येथील २८-९ अशा दारुण पराभवानंतर वगळले गेले. वर्षअखेरीस फ्रान्सच्या दौऱ्यात ते संघात परतले व तेथील दोन्ही कसोट्या दक्षिण आफ्रिकेने जिंकल्या. याच १९७४ साली भारताचा टेनिस संघ डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला होता. प्रतिस्पर्धी दक्षिण आफ्रिका असल्यामुळे भारताने ती फेरी खेळण्याचे नाकारले आणि चषक सोडून दिला. १९४६ साली दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद करणाऱ्या भारताच्या धोरणाशी हा निर्णय सुसंगतच होता. क्रीडा आणि राजकारण यांची फारकत करावी, असे स्प्रिंगबॉक संघाचे समर्थक वारंवार म्हणत. परंतु ज्या देशात कायद्यानेच संघनिवडीपूर्वी बहुसंख्य प्रजेला वगळले होते, तेथे ही फारकत मुळात राज्यकर्त्यांनीच अशक्य केली होती.

१९७५ साली फ्रान्सविरुद्ध डु प्लेसी प्रथमच कर्णधार झाले. ब्लूमफाँटेन येथील सामना ३८-२५ असा व प्रिटोरिया येथील सामना ३३-१८ असा जिंकून त्यांनी आपली निवड सार्थ ठरविली. पिता आणि पुत्र या दोघांनीही राष्ट्रीय संघाचे नेतृत्व करावे, असा योग दक्षिण आफ्रिकेच्या रग्बीत प्रथमच आला. वडिलांचा प्रतिस्पर्धी असलेला न्यूझीलंडचा संघ पुढल्याच वर्षी पुत्रासमोर उभा राहिला.

१९७६ सालची ती मालिका म्हणजे या कारकिर्दीचा मध्यबिंदू होय. १६ जून रोजी सोवेटो येथे शाळकरी मुलांच्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला व देशभर असंतोषाचा वणवा पेटला. न्यूझीलंडचा दौरा तरीही रद्द झाला नाही. माँट्रियल येथील ऑलिंपिक स्पर्धांना १७ जुलै रोजी प्रारंभ झाला. या दौऱ्याच्या निषेधार्थ वीसहून अधिक राष्ट्रांनी, मुख्यतः आफ्रिकी राष्ट्रांनी, त्या स्पर्धांवर बहिष्कार टाकला. रग्बी हा ऑलिंपिकमधील खेळ नसतानाही हे घडले. एका आठवड्याने, २४ जुलै रोजी, दरबान येथे पहिली कसोटी झाली व दक्षिण आफ्रिकेने ती १६-७ अशी जिंकली. दुसरी न्यूझीलंडने, तिसरी दक्षिण आफ्रिकेने आणि चौथी १५-१४ अशी केवळ एका गुणाने पुन्हा दक्षिण आफ्रिकेनेच जिंकली. तत्कालीन प्रथेप्रमाणे पंच यजमान देशाचेच असत. त्यांच्या निर्णयांविषयी पाहुण्यांनी केलेल्या तक्रारी दीर्घकाळ ऐकू येत राहिल्या. मालिका ३-१ अशी जिंकली गेली आणि डु प्लेसी यांचे नाव मोठ्या कर्णधारांत घेतले जाऊ लागले.

त्याच वर्षीची आणखी एक घटना या विजयाच्या शेजारी ठेवून पाहणे उचित होईल. पोर्ट एलिझाबेथच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत रग्बीची परंपरा जुनी होती. किंबहुना ईस्टर्न केपमधील आफ्रिकी समाजात हा खेळ मिशनरी शाळांमधून एकोणिसाव्या शतकातच रुजला होता. तेथील ‘क्वारू’ ही संघटना वर्णभेद न मानणाऱ्या रग्बी संघाशी संलग्न होती. ऑक्टोबर १९७६ मध्ये व्हॅलेन्स व चीकी वॉटसन हे दोघे गोरे बंधू सरकारचा विरोध डावलून या संघटनेच्या कृष्णवर्णीय खेळाडूंबरोबर मैदानात उतरले. त्यांच्या वाट्याला कसोट्या आल्या नाहीत. परंतु गोऱ्या खेळाडूपुढे त्या काळी एकच मार्ग खुला होता, असे म्हणणे या उदाहरणामुळे कठीण होते. डु प्लेसी यांनी प्रचलित मार्गच स्वीकारला, हे त्यांच्या गुणांचा आदर राखूनही नमूद केले पाहिजे.

जून १९७७ मध्ये राष्ट्रकुलातील देशांनी ग्लेनइगल्स करार करून दक्षिण आफ्रिकेशी क्रीडासंबंध ठेवण्यास परावृत्त करण्याचे ठरविले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रिटोरियाच्या नूतनीकृत मैदानाच्या उद्घाटनानिमित्त एका निमंत्रित जागतिक संघाविरुद्ध सामना झाला. दक्षिण आफ्रिकेने तो ४५-२४ असा जिंकला व त्यास कसोटीचा दर्जा दिला. खरेखुरे राष्ट्रीय संघ येईनासे झाल्यावर निमंत्रितांच्या संघाशी सामने खेळून भूक भागवावी लागत होती. पुढील दोन वर्षे, १९७८ व १९७९, पुन्हा कोरडी गेली. या काळात कर्णधार होता, संघही होता, पण प्रतिस्पर्धी नव्हता.

१९८० साली मात्र नऊ कसोट्या एकाच वर्षात आल्या. ‘दक्षिण अमेरिका’ या नावाने आलेला संघ प्रत्यक्षात बव्हंशी आर्जेंटिनाच्या खेळाडूंचा होता, आणि परतीच्या दौऱ्यातील कसोट्या माँटेव्हिडिओ व सांतियागो येथे झाल्या. ब्रिटिश सरकारचा विरोध असूनही बिल बोमाँट यांच्या नेतृत्वाखालील लायन्स संघ आला. डु प्लेसी यांच्या संघाने पहिल्या तीन कसोट्या २६-२२, २६-१९ व १२-१० अशा जिंकून १९७४ च्या पराभवाची भरपाई केली. चौथी गमावली. ८ नोव्हेंबर १९८० रोजी प्रिटोरिया येथे फ्रान्सवर ३७-१५ असा विजय मिळवून त्यांनी आंतरराष्ट्रीय रग्बीचा निरोप घेतला. कर्णधार म्हणून त्यांचे पराभव दोनच : १९७६ ची दुसरी कसोटी आणि १९८० ची लायन्सविरुद्धची चौथी.

आता आकड्यांकडे पुन्हा पाहता येईल. त्यांच्या पहिल्या कसोटीपासून शेवटच्या कसोटीपर्यंत दक्षिण आफ्रिकेने एकूण सव्वीस कसोट्या खेळल्या. त्यांपैकी बावीस डु प्लेसी यांच्या वाट्याला आल्या. म्हणजे त्यांची कारकीर्द आखूड दिसते ती संघाच्याच कसोट्या थोड्या होत्या म्हणून. बावीसपैकी सोळा सामने मायदेशी झाले. परदेशातील सहांपैकी तीन तर १९७१ च्या दौऱ्यातीलच आहेत. ब्रिटन अथवा न्यूझीलंड यांच्या भूमीवर ते एकही कसोटी खेळले नाहीत. आणि या बावीस सामन्यांत त्यांच्या बाजूने खेळलेला एकही खेळाडू कृष्णवर्णीय किंवा मिश्रवर्णीय नव्हता. एरल टोबायस हे पहिले मिश्रवर्णीय स्प्रिंगबॉक आपली पहिली कसोटी १९८१ साली आयर्लंडविरुद्ध खेळले, तेव्हा डु प्लेसी निवृत्त झालेले होते. तेरा विजयांचे मोल ठरविताना ही गोष्ट दृष्टिआड करता येत नाही. प्रतिस्पर्ध्यांवरील विजय निर्विवाद होते. परंतु संघातील स्थानासाठी जी स्पर्धा व्हावयास हवी होती, ती देशाच्या बहुसंख्य तरुणांशी कधी झालीच नाही.

या कारकिर्दीला एक उत्तरार्ध आहे. १९९२ साली गोऱ्यांचे रग्बी मंडळ व वर्णभेद न मानणारा रग्बी संघ यांचे एकीकरण झाले. त्यात डॅनी क्रेव्हन आणि इब्राहिम पटेल या दोन अध्यक्षांचा वाटा मोठा होता. १९९५ साली विश्वचषक स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत भरली तेव्हा डु प्लेसी राष्ट्रीय संघाचे व्यवस्थापक होते. झोसा भाषेतील ‘न्कोसी सिकेलेल इआफ्रिका’ हे गीत खेळाडूंना अर्थासह शिकविण्याची व्यवस्था त्यांनी केली. स्पर्धेच्या काळात संघ रॉबेन बेटावर जाऊन नेल्सन मंडेला यांची कोठडी पाहून आला. ज्या तुरुंगातील राजकीय कैदी एके काळी स्प्रिंगबॉक संघाच्या पराभवाची वाट पाहत, तेथे त्याच संघाचे खेळाडू उभे होते. २४ जून रोजी जोहान्सबर्ग येथे दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला १५-१२ असे हरवून विश्वचषक जिंकला. तरीही अंतिम सामन्यात उतरलेल्या पंधरा जणांत चेस्टर विल्यम्स हे एकटेच गौरेतर होते. व्यवस्थापकाच्या सद्भावनेने चार दशकांची वर्णवारी एका स्पर्धेत पुसली जाणे शक्य नव्हते.

ते कार्य पुढील पिढीकडे आले. पोर्ट एलिझाबेथजवळील झ्विडे या वस्तीत १९९१ साली जन्मलेले सिया कोलिसी हे २०१८ साली दक्षिण आफ्रिकेच्या कसोटी संघाचे पहिले कृष्णवर्णीय कर्णधार झाले. तेही फॉरवर्डच आहेत. त्यांच्या नेतृत्वाखाली २०१९ व २०२३ असे दोन विश्वचषक जिंकले गेले. १९८० साली डु प्लेसी यांनी लायन्सविरुद्धची तिसरी कसोटी जिंकून मालिका खिशात घातली, ती याच पोर्ट एलिझाबेथ शहरात. त्या वेळी झ्विडेतही रग्बी खेळली जात होती, आणि त्या मैदानावरील फॉरवर्डांची नावे राष्ट्रीय निवड समितीच्या कागदावर येण्याची वाट व्यवहारात बंदच होती. डु प्लेसी यांच्या बावीस कसोट्यांचा इतिहास लिहिताना त्या न लिहिल्या गेलेल्या नावांसाठीही जागा ठेवावी लागते.