सार्वजनिक पाण्याचा धनी कोण? : महाड, बिलॉक्सी आणि जॅक्सन

महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास आमच्या वाचकांस नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. दिनांक २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळीने पाणी प्राशन केले, हा प्रसंग आपल्या घराघरांत मुलांनासुद्धा ठाऊक आहे. परंतु या इतिहासातील एका पात्राकडे आपले लक्ष अनेकदा पुरेसे जात नाही. ते पात्र म्हणजे महाडची नगरपालिका. तळे तिच्या ताब्यात होते, त्याची व्यवस्था तिच्याकडे होती आणि तळे सर्वांस मोकळे असल्याचा ठरावही तिनेच केला होता. हा ठराव तीन वर्षे दप्तरात पडून राहिला. आमच्या लोकांनी तो प्रत्यक्षात आणताच पालिकेने तो मागे घेतला.

सार्वजनिक जागेवर देखरेख करणारी स्थानिक संस्था त्या जागेची मालक असते की विश्वस्त? हा प्रश्न केवळ कोकणातील एका गावाचा नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय जनतेने याच प्रश्नासाठी उद्याने, पोहण्याचे तलाव आणि समुद्रकिनारे यांवर प्रदीर्घ लढा दिला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकत होते आणि १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला होता, हे आता सर्वश्रुत आहे. त्यांच्या या दृष्टीस अनुसरून अमेरिकेतील पालिकांच्या वर्तनाचा हा इतिहास आम्ही येथे मांडत आहोत.

प्रारंभी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पाण्यातील भेदाची रेषा कायद्याने आखलेली असतेच असे नाही. शिकागो शहरात मिशिगन सरोवराच्या काठी एकोणतिसाव्या रस्त्यालगतचा किनारा गोऱ्यांचा आणि त्याच्या उत्तरेचा कृष्णवर्णीयांचा, असा रिवाज पडला होता. त्यास कोणत्याही कायद्याचा आधार नव्हता. दिनांक २७ जुलै १९१९ रोजी युजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा मुलगा तराफ्यावर तरंगत नकळत ती अदृश्य रेषा ओलांडून गेला. काठावरून एका गोऱ्या इसमाने दगड मारले आणि मुलगा बुडून मेला. तेथे असलेल्या पोलिसाने त्या इसमास अटक करण्याचे नाकारले. त्यातून उसळलेल्या दंगलीत ३८ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी २३ कृष्णवर्णीय आणि १५ गोरे होते. पाचशेहून अधिक लोक जखमी झाले आणि सुमारे एक हजार कृष्णवर्णीय कुटुंबे बेघर झाली. पाण्याला रंग नसतो, पण पाण्यात रेषा असते, हे आम्हां भारतीयांस कोणी वेगळे शिकविण्याची गरज नाही.

दक्षिणेकडील राज्यांत मात्र ही रेषा उघडपणे पालिकांच्या नियमांत होती. उद्यान पालिकेचे, माळी पालिकेचे, फाटकावरची पाटीही पालिकेची, आणि कर मात्र सर्वांचा. १९५४ साली शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरल्यावर साहजिकच उद्याने व किनारे यांचा प्रश्न न्यायालयापुढे आला. बाल्टिमोर शहर व मेरीलँड राज्य यांच्या ताब्यातील किनारे आणि स्नानगृहे यांविषयीचा खटला अपील न्यायालयाने १९५५ च्या मार्चमध्ये कृष्णवर्णीयांच्या बाजूने दिला, आणि दिनांक ७ नोव्हेंबर १९५५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या किनाऱ्यावर वर्णभेद करता येणार नाही, हे त्या दिवशी ठरले. कायद्याचा प्रश्न येथे संपावयास हवा होता. पण तो संपला नाही. पालिकांनी नवनव्या पळवाटा शोधल्या आणि आमच्या या लेखाचा खरा विषय त्या पळवाटा हाच आहे.

मेंफिस शहराने 'अजून वेळ आलेली नाही' ही सबब पुढे केली. शहराच्या मालकीची १३१ उद्याने होती. खटल्याच्या वेळी त्यांपैकी २५ सर्वांस मोकळी होती, ५८ केवळ गोऱ्यांसाठी आणि २५ केवळ कृष्णवर्णीयांसाठी राखलेली होती. उरलेली २३ म्हणजे नुसती पडीक जमीन होती. हळूहळू सर्व उद्याने खुली करू, घाई केल्यास शांतता भंगेल, असे पालिकेचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने २७ मे १९६३ रोजी ते फेटाळले. घटनेने दिलेला हक्क हा आजचा हक्क आहे, तो भविष्यातील कधीतरीचे आश्वासन नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. 'समाजाचे मन तयार होऊ द्या' हा उपदेश ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे, त्यांना या निकालाचे मोल सांगावयास नको.

मांटगोमेरी शहराची तऱ्हा निराळी. बसवरील बहिष्काराच्या चळवळीने हे शहर १९५५-५६ साली जगाच्या नकाशावर आले होते. उद्यानांविषयी खटला दाखल होताच तेथील पालिकेने १ जानेवारी १९५९ पासून शहरातील सर्व उद्यानेच बंद करून टाकली. प्राणिसंग्रहालयातील प्राणी विकले, पोहण्याचा तलाव बुजविला. गोऱ्यांच्या मुलांनासुद्धा झाडाची सावली मिळाली नाही तरी चालेल, पण ती कृष्णवर्णीयांच्या मुलांबरोबर मिळता कामा नये! १९६५ साली उद्याने पुन्हा उघडली, परंतु पोहण्याचे तलाव उघडले नाहीत. आपल्याकडे आमच्या लोकांनी तळ्यास स्पर्श केल्यानंतर पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून पाणी 'शुद्ध' करण्यात आले होते. एकीकडे घागरी ओतल्या, दुसरीकडे माती ओतली, इतकाच काय तो फरक.

मेकन या गावी एक उद्यान ऑगस्टस बेकन नावाच्या सिनेटरने आपल्या १९११ च्या मृत्युपत्राने शहरास दिले होते. अट अशी की ते गोऱ्यांसाठीच असावे. पालिका त्याची विश्वस्त. विश्वस्त म्हणून पालिकेस भेद करता येत नाही असे दिसताच खासगी विश्वस्त नेमले गेले. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही युक्ती नाकारली. तेव्हा दात्याचे वारस पुढे आले, आणि दात्याचा हेतू आता सिद्धीस जाऊ शकत नाही या कारणास्तव १९७० साली जमीन त्यांच्याकडे परत गेली. पुढे त्या जागी दुकाने उभी राहिली.

या सर्वांपेक्षा आम्हांस महाडच्या अधिक जवळची वाटते ती बिलॉक्सीची हकीकत. मिसिसिपी राज्यातील हॅरिसन काउंटीचा हा २६ मैलांचा किनारा मुळात निसर्गनिर्मित नाही. १९४७ च्या वादळात किनाऱ्याचा बांध फुटला, तेव्हा केंद्र सरकारच्या मदतीने समुद्रातील वाळू उपसून ही पुळण तयार करण्यात आली. किनारा कायम जनतेसाठी खुला राहील, अशी हमी काउंटीच्या बोर्डाने केंद्रास दिली होती. हे बोर्ड म्हणजे आपल्याकडील जुन्या जिल्हा लोकल बोर्डासारखी संस्था समजावी. वाळू जनतेच्या पैशाची, हमी लिखित. तरी कृष्णवर्णीय माणूस त्या वाळूवर दिसला की पोलीस त्यास हाकलून देत. किनाऱ्यालगतच्या बंगलेवाल्यांचे म्हणणे असे की वाळू आमच्या जमिनीसमोर पडली, म्हणून ती आमची.

तेथे डॉ. गिल्बर्ट मेसन नावाचे एक कृष्णवर्णीय वैद्यकीय व्यवसायी होते. दिनांक १४ मे १९५९ रोजी ते काही सोबती व मुले यांच्यासह पोहावयास गेले आणि त्यांना तेथून हुसकावण्यात आले. हा किनारा आम्हांस बंद असल्याचा कायदा कोठे आहे, हा त्यांचा साधा प्रश्न होता. पुढे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी काउंटीच्या बोर्डाकडे रीतसर अर्ज केला. तेव्हा किनाऱ्याचा एखादा तुकडा स्वतंत्र दिल्यास चालेल काय, अशी विचारणा झाली आणि ती त्यांनी साफ नाकारली. आम्हांस सबंध २६ मैल हवेत, ही त्यांची भूमिका. वाचकहो, 'तुम्हांस स्वतंत्र विहीर बांधून देतो' हे औदार्य आपल्या ओळखीचे नाही काय? स्वतंत्र विहिरीने तहान भागते, पण माणूसपण मान्य होत नाही, म्हणून तर महाडचा सत्याग्रह झाला. सातासमुद्रापलीकडच्या एका डॉक्टरने त्याच तर्काने तेच उत्तर द्यावे, याचे आम्हांस आश्चर्य वाटत नाही. अपमान एकच असला की त्याचे उत्तरही एकच असते.

१७ एप्रिल १९६० रोजी डॉ. मेसन एकटेच पाण्यात उतरले आणि त्यांना अटक झाली. त्यानंतरच्या रविवारी, २४ एप्रिल रोजी, सुमारे सव्वाशे स्त्री-पुरुष व मुले त्यांच्याबरोबर किनाऱ्यावर गेली. त्यांच्यावर काठ्या, साखळ्या व लोखंडी नळ्या घेतलेला जमाव तुटून पडला. पोलीस बघत राहिले. महाडला परिषद आटोपून परतणाऱ्या, जेवणाची तयारी करीत असलेल्या आमच्या बांधवांवर झालेल्या हल्ल्याची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. १९६३ च्या जूनमध्ये मिसिसिपीतील नागरी हक्क चळवळीचे नेते मेडगर एव्हर्स यांचा खून झाला. त्याच महिन्यात पुन्हा लोक किनाऱ्यावर गेले, तेव्हा त्यांनी वाळूत काळे ध्वज रोवले.

केंद्र सरकारने मे १९६० मध्येच काउंटीविरुद्ध दावा लावला होता. त्याचा आधार होता तो बोर्डाने दिलेल्या हमीचा. कनिष्ठ न्यायालयात सरकार हरले; परंतु ऑगस्ट १९६८ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने किनारा सर्वांस खुला असल्याचा निर्णय दिला. पहिल्या पावलापासून नऊ वर्षे लागली.

आता पुन्हा महाडकडे वळू. रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला. सार्वजनिक पैशाने बांधलेली किंवा चालविलेली सर्व पाणवठ्यांची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या असाव्यात, असा तो ठराव. १९२६ साली बोले यांनी दुसरा ठराव आणला, की जी पालिका वा लोकल बोर्ड हे मानणार नाही तिचे अनुदान थांबवावे. म्हणजे नैतिक आवाहनाने पालिका हलत नाही, तिच्या तिजोरीस हात लावावा लागतो, हे बोले यांनी तीन वर्षांच्या अनुभवाने ओळखले होते. महाड पालिकेने १९२४ साली पहिल्या ठरावास अनुसरून तळे खुले केले आणि दिनांक ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावास बरोबर चार वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, आपला ठराव रद्द केला. पालिकेचे अध्यक्ष राहिलेले सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे सद्भावी गृहस्थ आपल्या बाजूने होते, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. पण सभागृहातील बहुमत आणि एका अध्यक्षाची सद्भावना या दोन भिन्न गोष्टी आहेत.

त्यानंतर १२ डिसेंबर १९२७ रोजी सवर्णांनी दिवाणी दावा लावला. तळे सार्वजनिक नाही आणि आमचा तेथील अनन्य हक्क पुरातन रूढीने सिद्ध आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. बिलॉक्सीच्या बंगलेवाल्यांचा 'वाळू आमची' हा दावा येथे कितीतरी वर्षे आधी मांडला गेला होता, असेच म्हणावे लागेल. ८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयाने आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हा दावा फेटाळला. न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांच्यापुढे तळे पालिकेकडे निहित असल्याचे स्पष्ट झाले, आणि अनादि काळापासूनची रूढी फिर्यादींस सिद्ध करता आली नाही. येथे दहा वर्षे लागली.

बाबासाहेबांच्या मनात या दहा वर्षांचा हिशेब पक्का असला पाहिजे. भारतीय संविधानाच्या पंधराव्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागा यांचा नामनिर्देशपूर्वक उल्लेख आहे; त्या पूर्णतः किंवा अंशतः सरकारी पैशाने राखलेल्या असोत वा जनतेच्या उपयोगासाठी अर्पण केलेल्या असोत. हे शब्द बोले ठरावाच्या शब्दांच्या किती जवळ आहेत, हे दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचणाऱ्यास तत्काळ दिसेल. 'अंशतः' हा शब्द तर बंगलेवाल्यांच्या आणि विश्वस्तांच्या युक्त्यांवरचा अगाऊ उतारा आहे.

एक पळवाट मात्र याहीनंतर उरते, आणि ती जॅक्सन शहराने दाखवून दिली. मिसिसिपीच्या या राजधानीत पालिकेचे पाच पोहण्याचे तलाव होते. चार गोऱ्यांसाठी, एक कृष्णवर्णीयांसाठी. १९६२ साली न्यायालयाने हा भेद अवैध ठरविला. पालिकेने उद्याने आणि प्राणिसंग्रहालय सर्वांस खुले केले, पण तलावांच्या बाबतीत तिचा धीर सुटला. मालकीचे चार तलाव तिने बंद केले आणि भाड्याने घेतलेला पाचवा मूळ मालक संस्थेस परत दिला. १४ जून १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हे कृत्य वैध ठरविले. तलाव चालविलेच पाहिजेत असे घटना सांगत नाही, आणि ते सर्वांनाच बंद आहेत, तेव्हा भेद कोठे राहिला, असे न्या. ह्यूगो ब्लॅक यांच्या बहुमताच्या निकालाचे सार होते. न्या. व्हाइट यांनी आपल्या विरोधी मतात ते कृत्य म्हणजे कृष्णवर्णीय माणसे सहवासास अयोग्य असल्याची अधिकृत घोषणाच आहे, या आशयाचे विचार नोंदविले. न्या. थर्गुड मार्शल, म्हणजे ज्यांनी वकील या नात्याने शाळांचा खटला जिंकला होता ते, याच चौघांत होते.

महाड पालिकेस १९२७ साली तळे बुजविता आले नाही, कारण ते गावाच्या पिण्याच्या पाण्याचे तळे होते. जॅक्सनच्या तलावांत लोक केवळ उन्हाळ्यात पोहत असत. १९७१ चा तो निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अद्याप रद्दबातल ठरविलेला नाही.