मुका मार आणि टक्केवारीचा कायदा

सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांची सभा भरली आणि नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने साडेपाच हजार सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे गेलं. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सर्वांच्या लक्षात राहिली, कारण ती १८९० मध्ये पदरात पडली. माझा जीव मात्र शेवटच्या मागणीवर आहे. कामावर जबर दुखापत झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि माणूस जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी, असं त्यात मागितलं होतं. हात गेला की डोकं फुटलं, असा भेद त्यात नव्हता.

मी कामगार न्यायालयात भरपाईचे दावे चालवतो. आजोबा गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावरचे विणकर होते. त्यांच्या तोंडी धोटा उडाल्याच्या गोष्टी असत. लोखंडी टोकाचा तो लाकडी धोटा साच्यातून सुटला की समोरच्याच्या कपाळावर बसायचा. जखम बांधायची, चहा प्यायचा आणि पुन्हा साच्यावर उभं राहायचं. पुढे त्या माणसाला घेरी येऊ लागली, तो विसरू लागला, घरात भांडू लागला, तर लोक म्हणत, ‘डोक्यावर परिणाम झालाय.’ त्याचा धोट्याशी संबंध कुणी जोडत नसे.

जोडला असता तरी दाद मागणं कठीण होतं. १८५५ च्या कायद्याने मृताच्या वारसांना दावा करता येई, पण मालकाची चूक सिद्ध करावी लागे. मालकाकडे उत्तरं तयार असत: धोका पत्करूनच तू कामाला आलास, चूक जोडीदाराची, नाहीतर तुझीच. इंग्लंडमध्ये १८९७ च्या कायद्याने ही अट काढली. आपल्याकडे ‘वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन ॲक्ट’ १९२३ मध्ये झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. लोखंड्यांच्या निवेदनाला तोवर चाळीस वर्षं होत आली होती.

कायदा मोठाच होता. अपघात कामावर आणि कामामुळे झाला, एवढं दाखवलं की पुरे. मालकाची चूक सिद्ध करायची गरज उरली नाही. पण भरपाई मोजायला त्याने परिशिष्ट जोडलं. आजच्या परिशिष्टात अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४, एक डोळा गेला तर ४०. मेंदूच्या इजेला तिथे स्वतंत्र ओळ नाही. यादीबाहेरच्या दुखापतीत कमावण्याची ताकद किती घटली, हे डॉक्टर ठरवतो.

त्या टक्क्याचं मोल काय? माणूस चाळिशीचा आणि पगार २०२० मध्ये ठरलेल्या मर्यादेइतका, म्हणजे १५,००० रुपये धरा. पूर्ण अपंगत्वाला त्याचे ६० टक्के, म्हणजे ९,००० रुपये, गुणिले वयाचा गुणक १८४.१७. होतात १६,५७,५३० रुपये. डॉक्टरने ३० टक्के लिहिलं तर ४,९७,२५९.

माझा एक अशील सेंट्रिंगचा मिस्त्री होता. परांचीवरून पडला, डोक्याला मुका मार लागला. हाड एकही मोडलं नव्हतं. ठेकेदाराच्या वकिलाने विचारलं, ‘हातपाय शाबूत आहेत ना?’ मिस्त्रीच्या बायकोने साक्षीत सांगितलं, ‘दूध आणायला जातात आणि रिकामी पिशवी घेऊन येतात. हातात ओळंबा दिला तर नुसते बघत बसतात.’ कोणत्याही कागदापेक्षा त्या दोन वाक्यांनी जास्त काम केलं. मी सर्वोच्च न्यायालयाचा १९७५ चा प्रताप नारायण सिंह देव खटल्यातला निकाल पुढे ठेवला. त्यातल्या सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून न्यायालयाने त्याचं अपंगत्व पूर्ण धरलं. परिशिष्टातला आकडा बघून थांबायचं नाही, माणूस कोणतं काम करत होता ते बघायचं, हे त्या निकालाचं सार. आमच्या मिस्त्रीलाही पूर्ण अपंगत्वाची भरपाई मिळाली.

आता १९२३ चा तो कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. दाव्याची मुदत दोन वर्षांचीच आहे. म्हणून सांगतो: कामावर कुणाच्या डोक्याला मार लागला, तर रक्त आलं नाही म्हणून घरी पाठवू नका. त्याच दिवशी लेखी कळवा, सीटी स्कॅनचा कागद जपून ठेवा, ठेकेदाराने हात वर केले तर त्याला काम देणाऱ्या मूळ मालकालाही दाव्यात ओढा. कायद्याने तोही जबाबदार आहे. आणि घरच्यांनी रोजचा बदल वहीत तारखेनिशी लिहावा. न्यायालयात ती वही उपयोगी पडते.